पीसीसी तीनदा काढावी लागली: वाकडची शिक्षिका, व्हिएतनामची शाळा आणि चुकीचा स्टिकर

पार्श्वभूमी

पीसीसी, म्हणजे गुन्हा दाखल नसल्याचा पोलीस क्लिअरन्सचा दाखला, काढण्याचं हे प्रकरण माझ्या मावसबहिणीचं आहे. तिला इथे मेघना म्हणतो, खरं नाव वेगळं आहे, शाळेचं आणि एजंटचं नाव देत नाही. मी सगळं लिहितोय कारण जानेवारी ते ऑगस्ट 2024 तिच्यासोबत मी सगळीकडे फिरलो, पासपोर्ट ऑफिस, मुंबई, कुरिअरवाला, सगळीकडे. त्या काळात आम्हाला नेमकी जी माहिती हवी होती ती मराठीत एका जागी कुठेच सापडली नव्हती.

मेघना गणित आणि विज्ञान शिकवते. बीएस्सी बीएड, पुण्यातल्या सीबीएसई शाळेत नऊ वर्षं. माहेर बार्शी, लग्न 2018 चं, राहायला वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. जानेवारी 2024 च्या शेवटी तिला हो ची मिन्ह सिटीमधल्या एका इंटरनॅशनल शाळेची ऑफर आली, दोन वर्षांचा करार, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जॉइनिंग. नवरा आणि मुलगी नंतर जाणार असं ठरलं. घरात सगळे खूष होते, सासूबाईंनी तर त्याच दिवशी साखर वाटली.

व्हिएतनाममध्ये शिकवायला नुसता व्हिसा चालत नाही. आधी शाळेने तिथल्या सरकारी खात्याकडून वर्क परमिट घ्यायचं, त्यावर वर्क व्हिसा आणि मग रेसिडेन्स कार्ड. वर्क परमिटच्या फायलीत मेडिकल, डिग्री, अनुभवाचं पत्र, पासपोर्ट आणि गुन्हा दाखल नसल्याचा दाखला लागतो. हा दाखला फाइल दाखल करायच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुना नको, आणि परदेशातून आलेला असेल तर लीगलाइझ केलेला हवा. म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, त्यावर व्हिएतनामच्या दूतावासाचा शिक्का, आणि मग तिकडे व्हिएतनामी भाषेत नोटराइज्ड भाषांतर.

आता एक बारीक गोष्ट, पुढचा अर्धा घोळ हिच्यातूनच झाला. मेघनाचा पासपोर्ट 2017 चा, म्हणजे लग्नाआधीचा. त्यावर नाव माहेरचं आणि पत्ता बार्शीचा. डिग्रीही माहेरच्या नावाने. पण आधार, बँक, सोसायटीचं रजिस्टर, दारावरची पाटी, सगळं सासरच्या आडनावाने. आपल्याकडे लाखो बायकांचं असंच असतं आणि रोजच्या आयुष्यात त्याने काही अडत नाही.

पहिली पीसीसी: घाई

शाळेच्या एचआरची मेल आली की पोलीस क्लिअरन्स पाहिजे, लीगलाइझ्ड, सहा महिन्यांच्या आतला. मेघनाने वाचलं "पोलीस" आणि सरळ महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करून टाकला. तिच्या शाळेतल्या बसचे ड्रायव्हर, सिक्युरिटीवाले सगळे तिथूनच काढतात, तिला तोच रस्ता माहीत होता. आधार कार्ड अपलोड केलं, फी भरली, स्टेशनला एक चक्कर झाली आणि फेब्रुवारीच्या मध्यावर दाखला हातात. इतक्या पटकन झालं म्हणून ती निर्धास्त.

तिने स्कॅन पाठवला, एचआरचं उत्तर आलं की नाव पासपोर्टशी जुळत नाही. आधारवरून काढलेला, म्हणून सासरच्या आडनावाने आलेला. तेव्हा ती मला फोन करून म्हणाली, "दादा, नावात दुरुस्ती करून मिळेल का रे?" मी म्हणलं थांब, आधी हाच कागद लागतो का ते बघू.

तर तो कागद लागतच नव्हता. परदेशी नोकरीसाठी, लाँग टर्म व्हिसासाठी भारतीय नागरिकाला जी पीसीसी लागते ती पासपोर्ट ऑफिस देतं, पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज करायचा, फी 500 रुपये. तिच्यावर पासपोर्ट नंबर असतो आणि मजकूरच असा असतो की या पासपोर्टधारकाविरुद्ध अशी कुठली प्रतिकूल माहिती नाही की ज्यामुळे तिला अमुक देशाच्या व्हिसासाठी अपात्र ठरवावं. देशाचं नाव त्यात छापलेलं असतं. म्हणजे ती देशागणिक वेगळी. स्थानिक पोलिसांचा दाखला इथल्या नोकरीला चालतो, तो बाहेर न्यायचा तर आधी राज्य सरकारच्या पातळीवरचं प्रमाणीकरण लागतं आणि एवढं करूनही समोरचा दूतावास घेईल याची खात्री नाही. पासपोर्ट ऑफिसची पीसीसी केंद्र सरकारचाच कागद असल्यामुळे थेट परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्याला जाते, मधली एक पायरी वाचते.

इथे तीन आठवडे गेले. पैसे फार गेले नाहीत, पण हे तीन आठवडे कुठे महागात पडले ते पुढे येईलच.

दुसरी पीसीसी: वॉचमन आणि आडनाव

पहिला खरा निर्णय इथे आला. पासपोर्टवर जुनं नाव आणि जुना पत्ता. मग आधी पासपोर्टच नवीन नावाने, नवीन पत्त्याने रिइश्यू करावा का? मेघनाच्या नवऱ्याचं म्हणणं होतं की एकदाच काय ते सगळं सरळ करून टाकू. माझं म्हणणं होतं नको. ऑफर लेटर, करार, व्हिएतनाममध्ये शाळेने केलेले अर्ज सगळं जुन्या पासपोर्ट नंबरवर आणि माहेरच्या नावावर, डिग्रीही माहेरच्या नावाने. पासपोर्ट आणि डिग्री जुळतायत हे सगळ्यात मोठं सुख होतं, तेच आपण आपल्या हाताने बिघडवायचं? शेवटी पासपोर्ट तसाच ठेवायचा आणि पीसीसीच्या अर्जात सध्याचा पत्ता वाकडचा द्यायचा असं ठरलं. हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

11 मार्चला अपॉइंटमेंट होती. पासपोर्ट, रजिस्टर्ड भाडेकरार, ऑफर लेटर, झेरॉक्स, ए बी सी तिन्ही काउंटर दोन तासात झाले. सी काउंटरवरच्या अधिकाऱ्यांनी नीट सांगितलं की पत्ता बदललाय त्यामुळे पोलीस व्हेरिफिकेशन होणार, रिपोर्ट आला की पीसीसी.

मग 16 मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. पोलीस सगळे बंदोबस्तात, मेघनाची स्वतःची निवडणूक ट्रेनिंगची ऑर्डर आलेली. अशात एक दिवस दुपारी अंमलदार सोसायटीत येऊन गेले. मेघना शाळेत, नवरा ऑफिसात. गेटवर त्यांनी पासपोर्टवरचं नाव विचारलं. वॉचमनकाका म्हणाले या नावाचं इथे कोणी नाही. रजिस्टर काढून दाखवलं, त्यात फ्लॅट नंबरसमोर नवऱ्याचं आडनाव. ते काका मेघनाला रोज बघतात, तिच्या मुलीला शाळेच्या बसमध्ये चढवतात. पण त्यांना ती "पाचशे दोनवाल्या मॅडम" म्हणून माहीत, माहेरचं नाव त्यांना कुठून कळणार? त्यांनी खरं तेच सांगितलं, आणि अंमलदारांनीही जे ऐकलं तेच लिहिलं: सदर व्यक्ती दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

फोन का केला नाही असं घरात सगळे म्हणत होते. अर्जातला मोबाइल नंबर चालू होता, पण मिस्ड कॉल होता का नाही हे आता कळायला मार्ग नाही, अनोळखी नंबर ती वर्गात उचलत नाही. मला यात कुणा एकाला दोष द्यावासा वाटत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या, पहिल्या वेळी स्थानिक दाखला सहज मिळाला होता कारण तो सासरच्या नावाने होता. तेच पोलीस स्टेशन, तोच पत्ता, तीच बाई, फक्त आडनाव बदललं आणि ती सापडेनाशी झाली.

हे आम्हाला कळलं कधी, तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, तेही स्टेटस बघितलं म्हणून. दोन आठवडे आम्ही निवडणुकीमुळे उशीर होत असेल असं धरून गप्प बसलो होतो. पाडव्याच्या आदल्या रात्री तिने लॉगिन करून पाहिलं, पोलीस रिपोर्ट प्रतिकूल. गुढी उभारताना तिचा चेहरा बघवत नव्हता. मावशी सारखी विचारत होती, "अगं, काही पोलीस केस आहे का काय?" "प्रतिकूल" या शब्दाने घरातल्या मोठ्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना समजावून सांगायला लागलं की पत्त्यावर सापडली नाही तरी तेच लिहिलं जातं, त्याचा गुन्ह्याशी काही संबंध नाही.

पर्याय काय होते? बार्शीचा पत्ता देऊन नवा अर्ज करायचा, तिथे मावशी-काका आहेत, सगळे ओळखतात, एका दिवसात रिपोर्ट क्लिअर. बऱ्याच लोकांनी हेच सुचवलं. पण ती गेली कित्येक वर्षं बार्शीत राहत नाही, अर्जात सध्याचा पत्ता म्हणून तो लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं, आणि चारित्र्याच्या दाखल्यासाठीच खोटं लिहायचं हे मेघनाला पटेना. मलाही नाही पटलं. दुसरा पर्याय, पासपोर्ट ऑफिसात जाऊन पुन्हा व्हेरिफिकेशन मागायचं. तोच धरला.

10 एप्रिलला बाणेरच्या पासपोर्ट ऑफिसात गेलो. सोबत लग्नाचं सर्टिफिकेट, रजिस्टर्ड करार, मालकाचं पत्र, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेटरहेडवर लिहून दिलेलं की या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून इथेच राहते. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पुन्हा व्हेरिफिकेशन लावलं. त्याच संध्याकाळी आम्ही तीन गोष्टी केल्या. दारावरच्या पाटीखाली माहेरच्या नावाची छापील पट्टी चिकटवली. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये फ्लॅटसमोर दोन्ही नावं लिहून घेतली. आणि वॉचमनकाकांना बसवून नाव पाठ करून घेतलं, काकांना इतकं वाईट वाटत होतं की ते पुढे येणाऱ्या प्रत्येक कुरिअरवाल्यालाही विचारायचे, पोलीस स्टेशनमधून आलात का. शिवाय मेघनाने स्वतः स्टेशनला जाऊन पासपोर्टचं काम बघणाऱ्या अंमलदारांना फाइल नंबर दिला आणि मी अमुक वाजल्यानंतर घरी असते असं सांगून आली. एप्रिलच्या शेवटी ते आले, कागद बघितले, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या. 6 मे ला पीसीसी आली. नाव माहेरचं, पासपोर्ट नंबर बरोबर, देश व्हिएतनाम.

खरी अडचण: अ‍ॅपोस्टिल की अटेस्टेशन

आता वेळ कमी राहिला म्हणून पीसीसी आणि डिग्री दोन्हींचं पुढचं काम एजंटला दिलं. एजंट वाईट माणूस नव्हता, त्याच्याकडे जास्त करून युरोपात शिकायला जाणारी मुलं यायची, इटली, नेदरलँड्स, पोलंड. त्याने विचारलं काय करायचं, मेघना म्हणाली मिनिस्ट्रीचा शिक्का. तो म्हणाला म्हणजे अ‍ॅपोस्टिल. ती म्हणाली हो. एवढंच बोलणं झालं. ते तिला आजही शब्दन् शब्द आठवतं.

परराष्ट्र मंत्रालय दोन वेगवेगळी कामं करतं. एक अ‍ॅपोस्टिल, एक साधं अटेस्टेशन. अ‍ॅपोस्टिल हे 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग कराराप्रमाणे असतं, भारतात तो करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे. करारातल्या देशांनी एकमेकांचं अ‍ॅपोस्टिल मान्य करायचं, मग दूतावासाकडे जायची गरज उरत नाही. समोरचा देश करारात नसेल तर मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन घ्यायचं आणि त्यावर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का. 2024 मध्ये व्हिएतनामला जायचं तर दुसरा रस्ता, कारण तेव्हा व्हिएतनाममध्ये तो करार लागू नव्हता. सरकारी फीमध्ये पण फरक आहे, अ‍ॅपोस्टिलला एका कागदाचे 50 रुपये आणि साध्या अटेस्टेशनला मंत्रालयाची फी नाही, वर एजन्सीचा सर्व्हिस चार्ज. हे काम मंत्रालय थेट काउंटरवर घेत नाही, नेमून दिलेल्या एजन्सींमार्फत घेतं, आणि 2019 पासून दिल्लीशिवाय मुंबई, पणजी अशा इतर शहरांतूनही होतं. आमच्या एजंटने ते तिकडूनच करून आणलं.

कागद परत आला तेव्हा आम्ही आनंदाने उलटून बघितला. मागच्या बाजूला छान चौकोनी स्टिकर, वर "अ‍ॅपोस्टिल", त्याखाली फ्रेंचमध्ये हेग कराराचं नाव आणि तारीख, खाली 1 ते 10 आकडे घातलेले रकाने, देश, सही कोणाची, कुठल्या पदावर, कुठल्या गावी, कधी, नंबर. फार अधिकृत दिसत होता. मेघनाने त्याचा फोटो काढून एचआरला पाठवला, तिकडून थम्ब्स अप आला. त्या एचआरला तरी काय माहीत, तिला शिक्का दिसला.

20 मे ला मुंबईत मतदान म्हणून सगळं बंद. 22 तारखेला पहाटेच्या गाडीने मुंबईला गेलो, व्हिएतनामच्या वाणिज्य दूतावासात. काउंटरवरच्या बाईंनी पीसीसी घेतली, पुढची बाजू वाचली, उलटी केली आणि त्या स्टिकरवर बोट ठेवलं. आम्हाला हे चालणार नाही, आम्हाला मंत्रालयाचं अटेस्टेशन पाहिजे, आमचा देश या करारात नाही. आवाज चढवला नाही, दोन मिनिटं थांबून समजावून सांगितलं. मेघना काही बोललीच नाही, कागद पिशवीत ठेवला आणि बाहेर येऊन फूटपाथवर उभी राहिली. तेव्हा तिने पहिल्यांदा म्हटलं की नको जाऊया दादा, राहू दे.

कोणते पर्याय तोलले

23 मे बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती. त्या दिवशी आम्ही डायनिंग टेबलावर सगळे कागद पसरून बसलो आणि पहिल्यांदा नीट विचार केला. हाताशी साधारण दहा आठवडे.

एक, त्याच पीसीसीवर अटेस्टेशन करून घ्यायचं. एजंट म्हणाला होऊन जाईल. पण काउंटरवर एकाने हो म्हटलं, एकाने नाही म्हटलं, आणि एकाच कागदाच्या पाठीवर अ‍ॅपोस्टिल आणि अटेस्टेशन दोन्ही बघून दूतावास पुन्हा शंका घेईल ही भीती होतीच. लेखी कोणी द्यायला तयार नव्हतं.

दोन, ई-व्हिसावर जायचं, तो 90 दिवसांचा मिळतो, आणि बाकीचं तिकडे गेल्यावर बघायचं. तिकडे आधीच असलेल्या एका ओळखीच्या मुलाने हेच सांगितलं, सगळे करतात म्हणाला. शाळेच्या एका को-ऑर्डिनेटरनेही आडून तेच सुचवलं. यातला एक भाग कायदेशीर होता, हो ची मिन्ह सिटीत भारतीय कॉन्सुलेट आहे, तिथून पीसीसी काढून स्थानिक परराष्ट्र कार्यालयाकडून ती लीगलाइझ करता येते. पण वर्क परमिट हातात येईपर्यंत वर्गावर उभं राहायचं नाही, नाहीतर व्हिएतनामच्या नियमाप्रमाणे परमिटशिवाय काम केल्याचा दंड दीड ते अडीच कोटी डाँग, म्हणजे साधारण 50 ते 80 हजार रुपये, आणि वर देशाबाहेर काढतात. दंड शाळेलाही होतो, पण पासपोर्टवर डाग लागतो तो शिक्षकाच्या. आणि परमिट येईपर्यंत पगाराशिवाय तिकडे राहायचं तर ते तिला झेपणारं नव्हतं. मेघनाच्या नवऱ्याने इथे फार ठाम भूमिका घेतली, मला त्याचं कौतुक वाटलं. तो म्हणाला तू तिकडे पोरांना शिकवायला जातेयस, लपून नाही जायचं.

तीन, पासपोर्ट ऑफिसातून नवी पीसीसी. पुन्हा 500 रुपये, पुन्हा अपॉइंटमेंट, आणि पुन्हा पोलीस आले तर पुन्हा महिना. पण आता वाकडच्या पत्त्याचा क्लिअर रिपोर्ट सिस्टीममध्ये ताजा होता. आणि एक फायदा असा की तारीख नवी मिळणार, सहा महिने पुन्हा पहिल्यापासून.

तिसरा पर्याय घेतला. नुकसान झालं तर 500 रुपये आणि एक रजा, आणि पहिला पर्याय तसाही हातात राहणार होता. पण हा विचार शांत बसल्यावर सुचला, दूतावासाच्या दारात सुचला नव्हता.

दुसरं एक काम त्याच दिवशी केलं, आणि त्याने सगळं वाचवलं असं मी म्हणेन. एजंटला फोन करून डिग्री कुठे आहे विचारलं. ती अजून विद्यापीठाच्या व्हेरिफिकेशन आणि राज्य सरकारच्या शिक्क्यामध्ये अडकली होती. इतके दिवस आम्ही त्या उशिरावर वैतागलो होतो. ती वेळेत झाली असती तर तिच्यावरही अ‍ॅपोस्टिलचा स्टिकर लागला असता, आणि डिग्री काही 500 रुपयात नवी मिळत नाही. मेघनाने त्याच क्षणी लिहून पाठवलं: व्हिएतनामसाठी, साधं अटेस्टेशन, अ‍ॅपोस्टिल नको. आणि त्याच्याकडून "ओके, अटेस्टेशन" असं उत्तर येईपर्यंत फोन हातातून खाली ठेवला नाही.

पुढे काय झालं

29 मे ची अपॉइंटमेंट मिळाली. या वेळी पोलीस आले नाहीत, रिपोर्ट आधीचाच धरला गेला आणि दोन दिवसात पीसीसी हातात. मंत्रालयाचं अटेस्टेशन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. बकरी ईदच्या सुट्टीनंतर पुन्हा मुंबई, त्याच बाई काउंटरवर होत्या, त्यांनी कागद उलटा केला आणि मान डोलावली. त्यांचा लीगलायझेशनचा शिक्का बसला. डिग्री जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच मार्गाने आली.

मध्ये एक छोटी शंका निघाली, डिग्रीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि पासपोर्टवर उलटा क्रम. मी घाबरलो होतो. पण एचआरने एका मेलमध्ये मिटवलं, कारण व्हिएतनामी नावातही घराण्याचं नाव आधी येतं, तिथल्या क्लार्कला त्यात काही वेगळं वाटलंच नाही.

ओरिजिनल कागद 8 जुलैला कुरिअरने गेले. पाठवायच्या आधी मेघनाने प्रत्येक कागदाची पुढची-मागची बाजू रंगीत स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवली, आणि कुरिअर पोचेपर्यंतचे पाच दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. तिकडे भाषांतर, नोटरी, वर्क परमिट ऑगस्टच्या सुरुवातीला, मग व्हिसा. 14 ऑगस्टला ती शाळेत हजर झाली. इंडक्शनचा आठवडा गेला, त्या दिवसांचा पगार गेला, आणि सातवीचा जो वर्ग तिला मिळणार होता तो दुसऱ्या शिक्षकाकडे गेला. तिला सहावी मिळाली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक माझ्या मते एजंटची नाही आणि पोलिसांचीही नाही. आम्ही कागद सुरू होतो तिथून मोजत गेलो, तो जिथे पोचायचाय तिथून नाही. फेब्रुवारीतच त्या वाणिज्य दूतावासाला एक मेल टाकली असती की भारतीय पीसीसी कुणी दिलेली चालते आणि तिच्यावर मंत्रालयाचा कुठला शिक्का हवा, तर पहिली पीसीसी पण वाचली असती आणि स्टिकर पण. शाळेच्या एचआरला विचारून भागत नाही, कारण त्यांच्याकडे बहुतेक शिक्षक अमेरिका, इंग्लंड, दक्षिण आफ्रिकेचे येतात, आपल्याकडचे दोन प्रकार त्यांना ठाऊकच नसतात.

"तो देश करारात आहे का" एवढंच बघूनही पुरत नाही. भारत आणि जर्मनी दोघंही करारात आहेत, पण भारत सामील होताना जर्मनीने हरकत घेतली, त्यामुळे भारताचं अ‍ॅपोस्टिल तिकडे कामाचं नाही. आखातातही ओमान, बहारीन करारात, आणि दुबईला जायचं तर तिथे अटेस्टेशनचाच रस्ता. म्हणून ज्या देशात जायचंय त्याच्याच दूतावासाला विचारायचं, शेजारच्या काकांचा मुलगा ओमानला गेला तेव्हा काय झालं होतं त्यावर जायचं नाही.

दुसरं म्हणजे क्रम. डिग्रीला मुदत नसते आणि वेळ तिलाच जास्त लागतो, विद्यापीठ, राज्य, केंद्र, दूतावास. पीसीसीला सहा महिन्यांची मुदत. आम्ही आधी पीसीसीच्या मागे धावलो आणि डिग्री मागे ठेवली, नेमकं उलटं. ऑफर येताच डिग्री टाकायची, पीसीसी साधारण जॉइनिंगच्या चार महिने आधी काढायची. आमच्या बाबतीत उलट्या क्रमाने डिग्री वाचली हे खरं, पण ते नशीब होतं.

आडनावाचं मी परत सांगतो, कारण हे फक्त बायकांना भोगायला लागतं आणि कुठल्या चेकलिस्टवर नसतं. पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर अर्ज करायच्या आधी दारावर, सोसायटीच्या रजिस्टरमध्ये आणि वॉचमनकडे ते नाव पोचवून ठेवा. भाडेकरूची पोलिसांकडे नोंद झाली आहे का आणि ती कुठल्या नावाने, हे मालकाला विचारा. आमच्या मालकाने केलीच नव्हती. आणि स्टेटस दर दोन दिवसांनी बघा, आम्ही जे दोन आठवडे निवडणुकीच्या नावावर सोडले ते तसे सोडायला नको होते. फेब्रुवारीतले ते तीन आठवडे वाचले असते तर व्हेरिफिकेशन आचारसंहितेच्या आधीच पडलं असतं.

एक गोष्ट अजून माझ्या मनात स्पष्ट झालेली नाही. त्याच पीसीसीवर अटेस्टेशन करून बघायला हवं होतं का? झालं असतं तर पीसीसी लवकर तयार झाली असती, पण डिग्री तरी जुलैतच आली असती. नसतं झालं तर जून गेला असता. मेघना म्हणते मी पुन्हा तेच करेन. मी अजून तेवढा ठाम नाही.

हे लिहिलं तेव्हा जानेवारी 2025 चालू होता. मुलीची शाळा मार्चमध्ये संपली की ती आणि तिचे बाबा तिकडे जाणार होते, त्यासाठी लग्नाचं सर्टिफिकेट आणि मुलीचा जन्मदाखला लीगलाइझ करायचा होता. त्याच महिन्यात एका सोमवारी मी ते एजन्सीत द्यायला गेलो तेव्हा मेघना व्हिडिओ कॉलवर होती, काउंटरवरच्या मुलाने फॉर्मवर टिक करायच्या आधी तिने मला कॅमेरा फॉर्मवर धरायला लावला आणि "अटेस्टेशन"समोरचा चौकोन दोनदा वाचून घेतला.